थोरांचं वाक्य रोजच्या बोलण्यात कुठे बसतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवणात पतसंस्थेत नोकरी, लहानपणापासून इतिहासाचं वेड. त्यामुळे बोलता बोलता तानाजी, टिळक, दत्ताजी शिंदे तोंडात येतात आणि मित्र म्हणतात, ‘सुरू झालं ह्याचं भाषण’. बोलणं जड न होऊ देता ही वाक्यं कशी वापरावीत, मोबाइलवर फिरणाऱ्या वचनांतलं खरं कसं ओळखावं, आणि पुढच्या महिन्यात तुमचे व्यवस्थापक निवृत्त होत आहेत त्यांच्या निरोपाला काय बोलावं, असं तुम्ही विचारलं आहे. मी लांजा-राजापूर पट्ट्यातल्या शाळांत इतिहास शिकवला, वक्तृत्व स्पर्धांसाठी मुलं तयार केली, आणि आता लग्नापासून वाचनालयाच्या वर्धापनदिनापर्यंत सूत्रसंचालन करतो. त्या अनुभवातून सांगतो.

मोठं नाव असलेलं वाक्य बोलण्यात जड होतंच असं नाही. मूळ प्रसंगात ते वाक्य काहीतरी काम करत होतं. कुणाचं वाक्य हे कुणाला तरी दिलेलं उत्तर होतं, कुणाचा प्रश्न होता, कुणाचा हुकूम, कुणी स्वतःपुरता घेतलेला निर्णय, कुणी पाठवलेली वाईट बातमी. आपण उत्तराचा उपदेश करतो, स्वतःच्या निर्णयाचा दुसऱ्यावर हुकूम करतो, आणि मग ऐकणाऱ्याला ते खुपतं. का खुपलं हे त्याला सांगता येत नाही, तो फक्त ‘भाषण’ म्हणतो. शाळेत मी मुलांना वाक्य पाठ करायला देण्याआधी एकच विचारायचो: हे कोण कुणाला म्हणालं, आणि त्याच्या आधी समोरचा काय बोलला होता? एवढं कळलं की ते कुठे वापरायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

दत्ताजी शिंद्यांचं ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ घ्या. १० जानेवारी १७६०, दिल्लीजवळ यमुनेवरचा बुराडी घाट. दत्ताजी जखमी होऊन पडलेले, आणि शत्रूपक्षातल्या कुतुबशाहानं विचारलं, ‘पटेल, अजून लढणार का?’ त्याला दिलेलं हे उत्तर. म्हणजे आधी कुणी तरी डिवचल्याशिवाय या वाक्याला जागा नाही. तुम्ही स्वतःहून, कुणी काही विचारलेलं नसताना, परीक्षेत नापास झालेल्या भाच्याला ‘बचेंगे तो और भी लडेंगे असं म्हण’ असं सांगायला गेलात, तर तो मान खाली घालून बसेल. पण धक्क्यावर रिकामी होडी लागली आहे, डिझेलचा खर्चही सुटलेला नाही, आणि कुणी तांडेलाला विचारतं, ‘काय रे, उद्या परत जातलंस?’ तेव्हा त्याच्या तोंडून हे वाक्य आलं तर ते सोन्यासारखं बसतं. प्रश्न आला, प्रश्नात थोडी टोचणी होती, उत्तर देणारा खरोखर नुकसान सोसून उभा आहे. सगळं जुळलं. तिथे कुणी त्याला भाषण म्हणणार नाही.

झाशीच्या राणीचं वाक्यही असंच उत्तर आहे, आणि आमच्या लांज्याचा त्याच्याशी संबंध आहे म्हणून जरा थांबून सांगतो. राणीच्या सासरचे नेवाळकर मूळचे लांजा तालुक्यातल्या कोट गावचे. ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घोडा आणि तलवार येते. पण हे शब्द ज्यानं लिहून ठेवले तो जॉन लँग हा तिचा वकील होता, आणि साल १८५४ होतं, म्हणजे उठावाच्या तीन वर्षं आधीचं. संस्थान खालसा झालं होतं. लँगनं सल्ला दिला की इंग्लंडच्या राणीकडे अर्ज करू, तोवर निषेध नोंदवून पेन्शन घेत राहा. पडद्याआडून त्याला हे उत्तर मिळालं. पैसे घ्या आणि गप्प राहा, या व्यवहारी सल्ल्याला दिलेला तो नकार होता.

हे कळल्यावर त्याची रोजची जागा आपोआप दिसते. कोकणात घरोघरी काय चाललंय ते तुम्ही पाहताच. मुंबईहून कुणी दलाल गाडी घेऊन येतो, सातबारावरच्या चुलत्यांची नावं त्याला आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात, आणि तो म्हणतो, ‘वहिनी, एवढी पडीक जागा ठेवून काय करणार, पैसे घ्या.’ तिथे ओटीवर बसलेल्या बाईनं हसत ‘मेरी झाँसी नहीं दूँगी’ म्हटलं तर वादही होत नाही आणि नकारही पक्का पोचतो. वाक्य मूळ कामालाच लागलं.

आता तानाजी. ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं.’ या वाक्याचा सगळ्यात जास्त गैरवापर मी पाहिला आहे आणि त्याची मला खरोखर चीड येते. घरात लग्न आहे म्हणून कुणी रजा मागतो आणि वरचा अधिकारी हसत म्हणतो, ‘अहो, आधी लगीन कोंढाण्याचं!’ हे वाक्य तानाजीनं स्वतःच्या मुलाच्या लग्नाबद्दल म्हटलं, असं पोवाडा सांगतो. महाराजांनी ते त्याला म्हटलेलं नाही. दुसऱ्याचं लगीन पुढे ढकलायचा अधिकार हे वाक्य कुणालाच देत नाही. स्वतःचं सुख मागे ठेवताना ते वापरा. मच्छिमारी बंदी ३१ जुलैला संपते, त्याआधी जाळी दुरुस्त व्हायला हवीत म्हणून कुणी स्वतःच्या घराचं रंगकाम गणपतीपर्यंत लांबवतो आणि बायकोला समजावताना हे म्हणतो, तिथे ते शोभतं. पोलादपूरजवळ उमरठला त्याची समाधी आहे. शक्य झालं तर एकदा जाऊन या. तिथे उभं राहिल्यावर हे वाक्य कुणावर लादायची इच्छा होत नाही.

टिळक तर रत्नागिरीचे, २३ जुलै १८५६ चा जन्म, त्यामुळे आमच्याकडे त्यांची वाक्यं घरातल्यासारखी वापरतात. ‘आंबा हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ हे मे महिन्यात प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. त्याला माझी हरकत नाही, त्यात प्रेमच आहे. मात्र गंभीर बोलण्यात एक गोष्ट लक्षात ठेवा. होमरूल चळवळीच्या काळात, १९१६ च्या सुमारास गाजलेल्या त्या वाक्याला दोन भाग आहेत आणि दुसरा आहे ‘तो मी मिळवणारच’. आपण ग्रामसभेत पहिला भाग जोरात म्हणतो आणि दुसरा गिळतो. नळाला पाणी हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे, असं म्हणून खाली बसणाऱ्याला टाळ्या मिळतात, पाणी मिळत नाही. अर्ज लिहिला आहे, सह्या घेतल्या आहेत, सोमवारी तालुक्याला चाललो आहे, असं ज्याला सांगता येतं त्यानं ते वाक्य म्हणावं.

त्यांचंच ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा जुलै १८९७ च्या ‘केसरी’तला प्रश्न. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचा जाच झाला, २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि त्यानंतर सरकारनं सगळ्या शहरावर डोळे वटारले, त्या वेळचा. त्याच वर्षी ‘केसरी’तल्या दुसऱ्या लिखाणासाठी टिळकांना राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा प्रश्न खालून वर विचारलेला आहे, ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला. म्हणून घरात मुलाला, दुकानात नोकराला, ‘डोकं ठिकाणावर आहे काय’ म्हणताना टिळकांची आठवण काढू नये. तिथे तो नुसता राग असतो, आणि आपला राग थोरांच्या तोंडून काढणं मला कधीच पटलेलं नाही.

बातमी देणाऱ्या वाक्यांत पानिपतच्या निरोपाला तोड नाही. १४ जानेवारी १७६१ नंतर सावकारी पत्रातून नानासाहेब पेशव्यांना कळलं ते असं: दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, चांदी-तांब्याची तर गणतीच नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या भाषेत सांगितलेलं मरण. क्रिकेटमध्ये हरल्यावर ‘पानिपत झालं’ म्हणायला हरकत नाही, तो आता सरळ वाक्प्रचार झाला आहे. पण या निरोपाचे शब्द राखून ठेवावेत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात दुकानांतला चिखल काढला जात होता, तेव्हा ‘चांदी-तांब्याची गणतीच नाही’ हे शब्द बाजारपेठेत उभ्या माणसाला पुरेसे होते. किती नुकसान झालं असं पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला आकडा सांगत बसण्यापेक्षा तेवढं बोलणं सोपं जातं. दुःख सांगायला थोरांचे शब्द उपयोगी पडतात ते असे. सांगणाऱ्याचा आवाज फुटण्याआधी वाक्य पुरं होतं.

याच्या उलट ‘काका, मला वाचवा’. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता, ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात मारला गेला. हसतखेळत हे वाक्य सगळेच वापरतात, मीही अडवत नाही. पण घरातला एखादा मुलगा खरोखर मार खाऊन आला असेल, तर त्या दिवशी तरी घरात ते कुणी म्हणू नये. ‘ध चा मा’ मात्र इतिहासातून सुटून भाषेत मुरला आहे. आनंदीबाईंनी खरंच अक्षर बदललं का हे सिद्ध झालेलं नाही, पण तलाठ्याच्या कागदात ‘दत्तात्रय’चा ‘दत्ताराम’ झाला की ध चा मा म्हणायला पुरावा लागत नाही.

खरं-खोटं ओळखण्याबद्दल तुम्ही विचारलंत, तिथे माझा मुख्य आग्रह आहे. शिवाजी महाराजांच्या नावानं मोबाइलवर येणारं वाक्य आजच्या पुस्तकी मराठीत, गुळगुळीत आणि दोन सारख्या तुकड्यांत बांधलेलं असेल, तर आधी शंका घ्या. त्या काळच्या पत्रांची भाषा तशी नाही. त्यात फारसी शब्द येतात, कुणाला लिहिलं त्याचं नाव असतं, कामाचं गाव असतं. ‘भाजीच्या देठालाही हात लावू नका’ हे वाक्य सगळ्यांना माहीत आहे, आणि ते लढाईवर निघालेल्या सैन्याला सांगितलं असं बहुतेकांना वाटतं. मूळ शब्द आहेत १६७६ च्या पत्रात, रामाजी अनंत या प्रभावळीच्या सुभेदाराला लिहिलेल्या. प्रभावळी म्हणजे आमच्या लांजा तालुक्यातलं प्रभानवल्ली. महाराज लिहितात, ‘इमाने इतबारे साहेबकाम करावे’, आणि पुढे, ‘येक भाजीच्या देठास तेही मन न दाखविता रास व दुरुस वर्तणे’. सुभेदार म्हणजे आजच्या हिशेबानं मुलकी अधिकारी. हात लावणं लांबच राहिलं, मनही दाखवू नको, असं त्याला सांगितलं आहे.

तुम्ही पतसंस्थेत आहात म्हणून सांगतो, कर्ज मंजूर झाल्यावर कुणी हापूसची पेटी घेऊन घरी येतो, ती परत पाठवताना या पत्राचा उल्लेख करून बघा. ‘प्रभावळीच्या सुभेदाराला महाराजांनी भाजीच्या देठाचंही मन धरू नको म्हणून सांगितलंय, माझ्याकडे तर अख्खी पेटी आणलीत.’ पेटी आणणारा दुखावत नाही. हा हुकूम आहे, आणि हुकूम स्वतःला लावून घेतला की कुणाला टोचत नाही. तोच हुकूम तुम्ही शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ऐकवलात तर आयुष्यभराचं वैर येईल.

दुसरं उदाहरण झाडांचं. आंबे, फणस ही झाडं रयतेनं ‘लेकरासारखी’ वाढवली आहेत, ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, त्यांना हात लावू देऊ नये, हे वचन महाराजांच्या फोटोखाली नेहमी फिरतं. ते आहे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं, १७१५ च्या सुमाराचं. अमात्यांनी महाराजांच्या हाताखाली कारभार पाहिला होता, त्यामुळे धोरण त्या परंपरेतलंच आहे, पण लेखणी अमात्यांची. तेवढं नाव नीट सांगा, वाक्याचं वजन त्यानं कमी होत नाही. आणि हे वाक्य कुठे येतं पाहा: आरमाराच्या प्रकरणात. ‘ज्याचे आरमार त्याचा समुद्र’ हे जिथे लिहिलं, तिथेच जहाजांसाठी लाकूड हवं असतानाही रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावायला मनाई केली. तुमच्या मालवणात मोठ्या यांत्रिक जाळ्यांचे पर्ससीनवाले आणि किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकर यांचा वाद निघाला की ‘ज्याचं आरमार त्याचा समुद्र’ हे कडवटपणे बोललं जातं. बोलणाऱ्याचं दुःख खरं आहे. पण त्याला पुढची झाडांची ओळही सांगा. त्याच कागदात त्याच्या बाजूचं म्हणणंही आहे, आणि बैठकीत ते त्याला उपयोगी पडेल.

काही वाक्यं पत्रांतून येत नाहीत, बखरीतून, पोवाड्यातून, तोंडी परंपरेतून येतात. ‘गड आला पण सिंह गेला’ घ्या. सभासदाच्या बखरीत एक गड घेतला पण एक गड गेला, अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि सिंहगड हे नाव तर १६७० च्या, म्हणजे तानाजीच्या लढाईच्या, आधीच्या कागदांतही सापडतं. म्हणून हे वाक्य टाकून द्यायचं का? मुळीच नाही. परंपरेचं वाक्य परंपरेचं म्हणून वापरावं, फक्त त्याच्या जोरावर इतिहासाचा वाद जिंकायला जाऊ नये. मालवणात सिंधुदुर्ग दाखवताना ‘चौऱ्यांशी बंदरी ऐसी जागा नाही’ म्हणतात, तेही असंच बखरीच्या वळणाचं. पाहुण्याला होडीतून नेताना म्हणा, खुशाल म्हणा.

शब्दांच्या क्रमालाही जपावं लागतं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातलं. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ असं आपण म्हणतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या परिषदेत त्यांनी इंग्रजीत सांगितलेला क्रम शिका, चळवळ करा, संघटित व्हा असा होता, आणि लगेच पुढे स्वतःवर विश्वास ठेवा असं होतं. हे वाक्य शिक्षण घेणाऱ्या पोरांना सांगताना तो शेवटचा तुकडा जरूर जोडावा. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७ मध्ये ते जे बोलले त्याचा आशयही ध्यानात ठेवा: हे पाणी प्यालो नाही तर आम्ही मरू असं नाही, आम्हीही माणसं आहोत हे सिद्ध करायला आम्ही तळ्यावर जाणार. हे शब्द घेऊन कुणी पाणीटंचाईवर किंवा बाटलीबंद पाण्यावर कोटी करताना दिसलं तर मी तिथल्या तिथे थांबवतो. काही वाक्यांना गमतीचं काम लावायचं नसतं.

आता बोलण्याची रीत. अर्धं वाक्य पुरतं. ‘लोकमान्य टिळक म्हणाले होते की’ अशी सुरुवात केलीत की मित्रांचे कान मिटतात, कारण तुम्ही त्यांना वर्गात बसवलंत. देवळात गाऱ्हाणं घालणारा कसं करतो ते आठवा. तो ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून मागणं मांडतो आणि जमलेली माणसं ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ठरलेले शब्द आहेत, शेकडो वेळा ऐकलेले आहेत, तरी कुणी कंटाळत नाही, कारण ऐकणाऱ्यालाही त्यात वाटा आहे. तुम्ही ‘आधी लगीन...’ एवढंच म्हणा, पुढचं समोरचा म्हणेल. समोरच्याला पुढचं येत नसेल, तर तिथे ते वाक्य चालणार नव्हतंच, साध्या शब्दांत बोला. एका बैठकीत एक वाक्य पुरे. दशावतारातला चांगला नट संवाद रंगमंचावरच रचतो, पण श्लोक मात्र मोजकेच टाकतो, आणि टाकल्यावर क्षणभर थांबतो. तो थांबा शिका.

निरोप समारंभासाठी माझं सुचवणं रायगडावरचं आहे. जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर कोरलेलं आहे, ‘सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर’. रायगडाचं बांधकाम करणाऱ्यानं बक्षीस म्हणून एवढंच मागितलं, की महाराज दर्शनाला येतील तेव्हा त्यांचं पाऊल आपल्या नावाच्या पायरीवर पडावं, अशी आख्यायिका सांगतात. आख्यायिका आहे असं स्पष्ट म्हणा. पायरी आणि अक्षरं मात्र आजही तिथे आहेत.

हे वाक्य म्हणजे एका कर्त्या माणसानं केलेली सही आहे. म्हणून तुमच्या व्यवस्थापकांची स्तुती करून झाल्यावर शेवटी ते लावू नका. आधी त्यांनी केलेलं एक खरं काम सांगा: कुठल्या वर्षी कुठल्या शाखेची वसुली त्यांनी कशी सावरली, वादळानंतर कुणाच्या हप्त्याला मुदत दिली, जे असेल ते, गावाच्या नावासकट. मग हिरोजीची पायरी दोन वाक्यांत सांगा. मग म्हणा, ‘आपल्या संस्थेच्या पायरीवरही एक नाव आहे, कोरलेलं नसलं तरी’, आणि त्यांचं पूर्ण नाव घेऊन खाली बसा. नंतर चहाच्या वेळी कुणीतरी येऊन सांगेल की ते ‘इंदुलकर’ आहे, तुम्ही चुकलात. त्यांना सांगा की लोकांच्या तोंडी इंदुलकर आहे आणि पायरीवर इटळकर वाचतात, आणि जमलं तर त्यांना घेऊनच एकदा रायगड करून या.